चिकलठाण्याहून १७३ मैल, गोल्ड कार्ड किती दूर?

चिकलठाणा विमानतळावरून मुंबई हवेतून किती लांब आहे? साधारण २८० किलोमीटर. मैलांत सांगायचं तर १७३. दिल्ली ६१० मैल, हैदराबाद २७० मैलांच्या आत. हे आकडे लक्षात ठेवा. विमान कंपन्यांची सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम कार्डं वर्षानुवर्षं याच मैलांवर ठरत होती आणि छत्रपती संभाजीनगरचा प्रवासी त्या शर्यतीत कायम मागे राहत होता.

जगातल्या अनेक योजनांत पहिली मानाची पायरी वर्षाला २५,००० मैलांवर असायची. एमिरेट्सचं सिल्व्हर आणि सिंगापूर एअरलाइन्सचं एलिट सिल्व्हर याच आकड्यावर मिळत आलं. आता भागाकार करा. निव्वळ मैल मोजले तर संभाजीनगर-मुंबई मार्गावर २५,००० गाठायला १४५ उड्डाणं लागतात. दिल्लीच्या मार्गावर ४१ पुरतात. आणि न्यू जर्सीतल्या मुलीकडे मुंबईहून वर्षात दोनदा जाऊन येणारे आई-बाबा? मुंबई-न्यूयॉर्क एका बाजूचं अंतर सुमारे ७,८०० मैल. चार उड्डाणांत त्यांचे ३१,००० मैल होतात. वाळूजच्या कारखान्यातला अधिकारी दर पंधरवड्याला मुंबईला पळतो आणि तरी साध्या रांगेत उभा राहतो. वर्षात दोनदा नातवंडं बघून येणाऱ्या आजी-आजोबांना मात्र सिल्व्हर कार्ड मिळतं. मैलांच्या जमान्यात असंच चालायचं.

तो जमाना आता सरला. मैलांऐवजी रुपये मोजले जाऊ लागले आहेत, आणि त्याने आपल्या शहराचं गणित पुन्हा बदललं आहे.

एकाच खात्यात दोन हिशोब

सभासद झालेल्या अनेकांना हा मुद्दा माहीत नसतो, म्हणून आधी तोच. तुमच्या खात्यात दोन प्रकारची जमा होते. एक खर्च करायची: ती देऊन फुकटचं तिकीट घेता येतं. दुसरी फक्त मानाची: तिला टियर पॉइंट म्हणतात. हे पॉइंट खर्च होत नाहीत. वर्षभरात ते किती साठले यावर तुमचं कार्ड ठरतं आणि नव्या वर्षात मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून खात्यात लाखभर पॉइंट पडलेले असूनही माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर असू शकतो. यात चूक कुणाचीच नसते.

कार्डाचा उपयोग काय, तर जादा सामान, वेगळी रांग, लाउंज. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी ‘स्टार अलायन्स’ या विमान कंपन्यांच्या गटात गेली. या गटाचं गोल्ड असेल तर गटातल्या विमानांवर २० किलो जादा वजन किंवा एक जादा बॅग नेता येते. परदेशी निघालेल्या मराठी घरातल्या लोणच्या-पापडांच्या, भाजणीच्या पिशव्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या २० किलोंची किंमत कळेल. भारतातली अलायन्समधली कंपनी आजही हीच एक. इंडिगो कुठल्याच अलायन्समध्ये नाही.

या योजना सुरू कुणी केल्या?

अमेरिकेने. १९७८ मध्ये तिथे सरकारने भाडं आणि मार्ग ठरवणं सोडून दिलं, कंपन्यांची चुरस सुरू झाली आणि गिऱ्हाईक बांधून ठेवायची गरज पडली. १९७९ मध्ये टेक्सस इंटरनॅशनल या छोट्या कंपनीने मैल मोजणारी योजना काढली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हांटेज’ आणली आणि युनायटेडने काही दिवसांतच आपली. भारतातही हीच साखळी दिसते. १९९३ मध्ये जेट एअरवेज उडू लागली, १९९४ मध्ये सरकारी कंपन्यांची कायद्याने मिळालेली मक्तेदारी संपली, आणि जेटची जेटप्रिव्हिलेज, एअर इंडियाची फ्लाइंग रिटर्न्स या योजनांची नावं व्यापाऱ्यांच्या पाकिटात दिसू लागली.

पुडिंगच्या १२,१५० वाट्या

मैलांच्या इतिहासातला सगळ्यात लाडका माणूस म्हणजे डेव्हिड फिलिप्स. हा कॅलिफोर्नियातला इंजिनिअर. १९९९ मध्ये एका खाद्यपदार्थ कंपनीने जाहीर केलं की आमच्या मालाचे बारकोड पाठवा आणि मैल मिळवा. फिलिप्सने दुकानं धुंडाळली आणि त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू शोधली: पुडिंगची वाटी. त्याने ३,१४० डॉलरमध्ये १२,१५० वाट्या घेतल्या. इतके बारकोड फाडायचे कुणी? त्याने पुडिंग साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला दिलं आणि बदल्यात तिथल्या स्वयंसेवकांनी बारकोड काढून दिले. हाती आले साडेबारा लाखांच्या आसपास मैल.

याचा मानाच्या कार्डाशी काय संबंध? थेट संबंध. त्यातले दहा लाखांहून अधिक मैल त्याने अमेरिकन एअरलाइन्सच्या खात्यात टाकले आणि त्याला आजन्म गोल्ड मिळालं. त्या काळी दहा लाखांची गणती करताना मैल कुठून आले हे कुणी विचारत नव्हतं. ही दारं १ डिसेंबर २०११ पासून बंद झाली, त्यानंतर आजन्म मानासाठी फक्त प्रत्यक्ष उडालेले मैल धरायचं ठरलं.

गंमत पुढे आहे. २०२२ मध्ये याच कंपनीने वार्षिक कार्डासाठी उलटी उडी मारली. आता तिथे ‘लॉयल्टी पॉइंट’ मोजतात आणि कंपनीच्या क्रेडिट कार्डावर केलेली किराण्याची खरेदीसुद्धा त्यात धरतात. विमानात पाय न ठेवता गोल्ड मिळवता येतं, त्यासाठी वर्षात ४०,००० पॉइंट लागतात. तिथलं वर्षही वेगळं, १ मार्चला सुरू होणारं.

आपल्याकडेही असा रस्ता होता. अ‍ॅक्सिस बँकेच्या विस्तारा इन्फिनिट कार्डासोबत विस्तारा या विमान कंपनीच्या ‘क्लब विस्तारा’ योजनेचं गोल्ड सभासदत्व मिळायचं. विस्ताराचं विमान न उतरणाऱ्या शहरातल्या माणसालाही ते मिळत होतं.

कार्ड टिकलं, कंपनी गेली

हा भाग शहराच्या जिव्हाळ्याचा आहे. कित्येक वर्षं संभाजीनगरहून मुंबई-दिल्लीला जायचं म्हणजे जेट किंवा एअर इंडिया. शेंद्र्याचे, वाळूजचे उद्योजक, खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात जाणारे वकील, वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटन व्यावसायिक, यांच्या खिशात जेटचं निळं, रुपेरी, सोनेरी कार्ड असायचं. जेटच्या पायऱ्यांत ब्लू आणि सिल्व्हर यांच्यामध्ये ‘ब्लू प्लस’ अशी एक खास पायरी होती. अर्ध्या वाटेवरच्या प्रवाशाला ती धीर देणारी होती आणि मला ती कल्पना आजही फार आवडते.

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं. शहराचे मार्ग तुटले, उद्योजकांनी दिल्ली-मुंबईच्या विमानांसाठी नेत्यांचे उंबरठे झिजवले. मैलांचं काय झालं? ते वाचले! कारण जेटप्रिव्हिलेज ही २०१४ पासून वेगळी कंपनी होती आणि तिच्यात एतिहाद या विमान कंपनीचा पैसा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचं नाव ‘इंटरमाइल्स’ झालं. साठवलेले मैल राहिले, पण वेगळ्या रांगेत उभं करणारं विमानच उरलं नाही. किंगफिशरच्या ‘किंग क्लब’चा शेवट याहून वाईट होता. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विमानं थांबली आणि कार्डाचा उपयोगही संपला.

यातून एक सरळ नियम निघतो आणि मी तो प्रत्येकाला सांगते: कार्ड कुठल्या कंपनीचं घ्यायचं हे आपल्या धावपट्टीवर कोण उतरतं ते पाहून ठरवा.

२०२० च्या फेब्रुवारीत इंडिगो इथे आली आणि मुंबई, दिल्ली, हैदराबादच्या वाटा पुन्हा खुल्या झाल्या. पण इंडिगोकडे तेव्हा मानाचं कार्डच नव्हतं. ४ ऑगस्ट २००६ ला सुरू झालेल्या या कंपनीने तब्बल १८ वर्षं पायऱ्यांची योजना न काढता देशातला सगळ्यात मोठा वाटा मिळवला. २०२४ मध्ये तिने ‘ब्लूचिप’ आणली. तिथे सोनं-चांदी नाही, ब्लू १, ब्लू २, ब्लू ३ अशा पायऱ्या आहेत. आणि मोजमाप? रुपये.

महाराजा सगळ्यांचा झाला

एअर इंडियाचा झुकून नमस्कार करणारा महाराजा १९४६ चा. बॉबी कूका यांची कल्पना आणि उमेश राव यांचं रेखाटन. फ्लाइंग रिटर्न्समध्ये ‘महाराजा क्लब’ ही सगळ्यात वरची पायरी होती. तिच्या खाली गोल्डन एज, सिल्व्हर एज. २७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांकडे परतली, एप्रिल २०२४ मध्ये योजना नव्याने बांधली गेली आणि रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या आल्या. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्ताराचे सभासदही इकडे आले. २०२५ मध्ये सगळ्या योजनेचंच नाव ‘महाराजा क्लब’ ठेवलं गेलं. म्हणजे एके काळी मोजक्यांच्या कार्डावरचं नाव आज पहिल्यांदाच उडणाऱ्या सभासदाच्या कार्डावरही आहे.

खरा बदल मात्र २०२४ चा. एअर इंडियाच्या स्वतःच्या विमानांवर अंतराचा हिशोब बंद झाला आणि तिकिटावर खर्च केलेल्या रुपयांचा सुरू झाला. चिकलठाण्याच्या प्रवाशाला याचा फायदा झाला का? थोडा झाला. मुंबईच्या १७३ मैलांची अडचण गेली. ऐन वेळी घेतलेलं महाग तिकीट आता दूरच्या स्वस्त तिकिटापेक्षा जास्त पॉइंट देऊ शकतं. अचानक बैठक ठरली म्हणून आदल्या रात्री तिकीट काढणारा वाळूजचा अधिकारी या नियमात पुढे आला. तीन महिने आधी स्वस्त तिकीट शोधणारे आजी-आजोबा मागे पडले.

तोट्यात कोण गेलं? स्वतःच्या खिशातून, स्वस्तात आणि वारंवार उडणारा. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची पहिली विमानं निघाली. त्यातलं एक आपल्याच मराठवाड्यातलं होतं, नांदेड-हैदराबाद. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांच्या भाड्याची मर्यादा, सामान्य माणसाला आकाश मिळावं म्हणून. पैसे मोजणाऱ्या योजनेत अशा तिकिटाची जमा जवळपास नगण्य होते. त्यात भाड्यातले कर आणि विमानतळाचं शुल्क बहुतेक योजना धरत नाहीत. लहान शहराच्या छोट्या तिकिटात हा न धरलेला भाग मोठा असतो. तुम्ही भरलेली रक्कम आणि मोजली गेलेली रक्कम यांत फरक दिसतो तो यामुळे.

लंडनचा गोंधळ, अटलांटाची माघार

पैसे मोजण्याची ही लाट जगभर आहे. ब्रिटिश एअरवेजने ३० डिसेंबर २०२४ ला नवे नियम जाहीर केले, नाताळच्या सुटीत! १ एप्रिल २०२५ पासून एका पौंडाला एक टियर पॉइंट. ब्राँझला ३,५००, सिल्व्हरला ७,५००, गोल्डला २०,०००. रुपयांत गोल्डचा आकडा वीस लाखांच्या पुढे जातो. आधी गोल्ड १,५०० पॉइंटांत मिळायचं आणि ते पॉइंट अंतर व वर्गावर मिळायचे. म्हणून हौशी लोक आडवळणाची स्वस्त बिझनेस तिकिटं शोधून, निव्वळ पॉइंटांसाठी युरोपभर उडत. तो छंदच बुडाला. आजन्म गोल्डची अट ३५,००० वरून ५,५०,००० वर गेली. प्रवासी चिडले. मग कंपनीने आणखी एक दार उघडलं: वर्षात २५ उड्डाणं केली तर ब्राँझ, ५० केली तर सिल्व्हर, पैसे कितीही असोत.

डेल्टाची गोष्ट आणखी बोलकी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अटलांटाच्या या कंपनीने जाहीर केलं की आता फक्त डॉलर मोजणार. सिल्व्हरला ६,०००, गोल्डला १२,०००, प्लॅटिनमला १८,००० आणि डायमंडला ३५,०००. एवढा गदारोळ उठला की मुख्य अधिकारी एड बॅस्टियन यांनी आपण जरा जास्तच केलं हे जाहीरपणे मान्य केलं आणि ऑक्टोबरमध्ये आकडे ५,०००, १०,०००, १५,०००, २८,००० वर आणले. तरी सिल्व्हरला चार लाख रुपयांहून अधिक खर्च आहेच. पण प्रवाशांनी ओरड केली तर नियम हलतात, हे दोन्हीकडे दिसलं. आपल्याकडे आपण फार गप्प बसतो.

लुफ्थान्साने २०२४ पासून तिसराच मार्ग धरला. फ्रीक्वेंट ट्रॅव्हलरला ६५० पॉइंट, सेनेटरला २,०००, सर्वात वरच्या एचओएन सर्कलला ६,०००. तिथे किती मैल गेलात याला किंमत नाही. उड्डाण खंडातल्या खंडात की खंडाबाहेर आणि वर्ग कोणता, एवढंच पाहतात. जर्मनीला जाणाऱ्या औद्योगिक वसाहतीतल्या इंजिनिअरांनी हा फरक समजून घेण्यासारखा आहे.

आयएक्सयू, आणि नावांची भानगड

शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण तिकिटावरची तीन अक्षरं तीच आहेत: आयएक्सयू. भारतात ‘आयएक्स’ने सुरू होणारी बरीच भावंडं आहेत. बेळगाव आयएक्सजी, चंडीगड आयएक्ससी, मंगळूर आयएक्सई, लेह आयएक्सएल. पॉइंट जमा झाले नाहीत म्हणून अर्ज कराल तेव्हा शहराच्या नावापेक्षा हीच अक्षरं लिहा, गोंधळ टळतो.

दुसरी भानगड आपल्या मराठी नावांची. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. पासपोर्टवर एक क्रम, सभासदत्वात दुसरा, तिकिटावर मधलं नाव चिकटून आलेलं. यंत्राला जुळणी सापडत नाही आणि पॉइंट लटकतात. सभासद होताना पासपोर्टप्रमाणेच नाव भरा. लग्नानंतर पासपोर्ट बदलला असेल तर खातंही बदलून घ्या. आणि पॉइंट खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका!

तिसरी गोष्ट तिकिटावरच्या एका अक्षराची. इकॉनॉमी म्हणजे एकच वर्ग नव्हे. त्यात वेगवेगळ्या अक्षरांचे दर असतात, आणि भागीदार कंपनीच्या विमानात सगळ्यात स्वस्त अक्षराला काही योजना एक पॉइंटही देत नाहीत. तिकीट काढण्याआधी ते अक्षर पाहणं हे पाच मिनिटांचं काम आहे. मांडीवरच्या बाळाला सहसा पॉइंट नसतात. दोन वर्षं पूर्ण झालेल्या, स्वतःच्या आसनावर बसणाऱ्या मुलाचं खातं अनेक योजनांत उघडता येतं.

विमानाला आता जमिनीवरची टक्कर

३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. त्याच वर्षी ५ जूनला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. मुंबईच्या १७३ मैलांसाठी आता तीन पर्याय आहेत आणि त्यातल्या दोहोंवर टियर पॉइंट नाहीत. म्हणून पुष्कळ जण मुंबईपर्यंत गाडीने जातात आणि तिथून परदेशाचं विमान पकडतात. उड्डाणांची संख्या मोजणाऱ्या योजनेत हे दोन उड्डाणांचं नुकसान आहे. चिकलठाण्याहून एकाच तिकिटावर पुढपर्यंत गेलात तर जाता-येता एकेक उड्डाण जास्त मोजलं जातं आणि बॅगही इथूनच पुढे रवाना करता येते. अलायन्सच्या विमानाने जात असाल तर हे नक्की तपासा.

माझ्या मते या सगळ्यात संभाजीनगरला न्याय देणारं मोजमाप उड्डाणांचंच आहे. नांदेड, कोल्हापूर, जळगाव, सगळ्या लहान विमानतळांना तेच लागू. इथल्या प्रवाशाला मोठ्या शहरात पोहोचण्यासाठीच आधी एक उड्डाण करावं लागतं, आणि तेच नेमकं छोटं, स्वस्त आणि हिशोबात न येणारं ठरतं.

हे अशक्य नाही, कारण एका कंपनीने ते करून दाखवलं आहे. अमेरिकेच्या अलास्का एअरलाइन्सने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘अ‍ॅटमॉस रिवॉर्ड्स’ आणली आणि निवड प्रवाशावर सोपवली: एका मैलाला एक पॉइंट, एका डॉलरला पाच पॉइंट किंवा एका उड्डाणाला ५०० पॉइंट. तुमचा प्रवास जसा असेल तसं मोजमाप तुम्ही निवडा. एअर इंडिया आणि इंडिगो या दोघांनी हे भारतात आणायला हवं. सभासद असाल तर प्रवासानंतर येणाऱ्या अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये ही मागणी लिहा, उद्योजक संघटनांनीही विमानांच्या वेळांसोबत ती पुढे रेटावी. अलास्काच्या सिल्व्हरला २०,००० पॉइंट लागतात. संभाजीनगर-मुंबईएवढ्या अंतराला ते मैलांनी मोजले तर ११६ उड्डाणं होतात. उड्डाणांनी मोजले तर ४०.